वीस वर्षांनी हीरोचा मुलगा

रोलंड एमरिकचा ‘इंडिपेन्डन्स डे’ (१९९६) साडेसात कोटी डॉलरांत बनला आणि ८० कोटींहून जास्त कमावून गेला. त्यात उडवलेलं व्हाइट हाउस ही छोटी प्रतिकृती होती. तो स्फोट आजही खरा वाटतो. दुसरा भाग आला थेट २०१६मध्ये. खर्च दुपटीहून अधिक, कमाई निम्म्याच्याही आत. पहिल्या भागाचा हीरो विल स्मिथ त्यात नव्हता. त्याचं पात्र आधीच मेल्याचं सांगून सावत्र मुलाला लढाऊ विमानात बसवलं.

आपल्याकडेही अंतर तेवढंच: ‘झपाटलेला’ १९९३चा, थ्रीडी ‘झपाटलेला २’ २०१३चा. लक्ष्मीकांत बेर्डे २००४मध्येच गेले होते, म्हणून दिग्दर्शक महेश कोठारेंनी बेर्डेंच्या ‘लक्ष्या’ या पात्राचा मुलगा पुढे आणला. धाक मात्र एमरिकच्या परग्रहवाल्यांपेक्षा रामदास पाध्यांच्या तात्या विंचू या बाहुल्याचाच जास्त!