दीड मीटरची वाट, दोन वाटेकरी

१५ जून २०१९ रोजी जर्मनीत उभ्याने चालवायच्या ई-स्कूटरला रस्त्यावर कायदेशीर जागा मिळाली. आपल्याकडे बसून चालवतात ती स्कूटर नव्हे. अरुंद फळी, उभा दांडा आणि वीतभर व्यासाची दोन चाकं असलेली. काही आठवड्यांतच बर्लिन, म्युनिक, कोलोनच्या चौकाचौकांत भाड्याच्या स्कूटर उभ्या राहिल्या.

त्याआधी वाद झाला तो फुटपाथवरून. वाहतूकमंत्री आंद्रेआस शॉयर यांच्या मूळ मसुद्यात ताशी १२ किलोमीटरच्या आतल्या स्कूटरना फुटपाथ खुला होता. अंधांच्या आणि पादचाऱ्यांच्या संघटनांनी तो हाणून पाडला, आणि १७ मे रोजी राज्यांचं सभागृह असलेल्या बुंडेसराटने फुटपाथ बंदच ठेवला. निर्णय योग्यच होता. पण फुटपाथवरून काढलेली गर्दी गेली ती थेट सायकल मार्गांवर, आणि तिथे मुळात जागा किती, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

जर्मन नियमांप्रमाणे सायकल मार्ग शक्यतो दोन मीटर रुंद असावा, किमान दीड. स्कूटरची रुंदी ७० सेंटिमीटरपर्यंत चालते. सायकलचं हँडलही साधारण तेवढंच. म्हणजे दीड मीटरच्या पट्ट्यात दोघं शेजारी आली, तर मध्ये हाताचा पंजा जेमतेम मावेल. त्यात वेगाचा घोळ. स्कूटरला ताशी २० ची मर्यादा आहे, तर ई-सायकलची मोटर २५ पर्यंत साथ देते. फरक इतका थोडा, की ओलांडणं लांबत जातं आणि दोघं कितीतरी वेळ कोपराला कोपर लावून धावत राहतात. वेगवान सायकलस्वाराला पुढे जाऊ द्यावं, असं नियम सांगतो. दीड मीटरमध्ये ते कसं साधावं, हे सांगत नाही.

सगळ्यात जीवघेणी गोष्ट वळण्याची. इंडिकेटर नसलेल्या स्कूटरवाल्याने हाताने इशारा द्यावा, असं त्याच नियमांत लिहिलं होतं. सायकलस्वार सीटवर बसलेला असतो, मोठ्या चाकांवर तोललेला. एक हात सोडला तरी त्याचं काही बिघडत नाही. स्कूटरवर मात्र दोन मुठी हाच सगळा आधार. एक हात सुटला आणि छोटं चाक दगडी फरशीच्या फटीत गेलं, की दांडा वळलाच म्हणून समजा. म्हणून अनेक जण इशारा न देताच वळतात. मागून आलेला सायकलस्वार ब्रेक दाबतो, हँडलला हँडल अडकतं आणि तो हँडलवरून पुढे फेकला जातो. तळहात टेकून पडला तर मनगट जातं, खांद्यावर पडला तर गळ्याजवळचं हाड. स्कूटरवाला उभा असल्याने अनेकदा तोंडावरच आपटतो: हनुवटी, दात, डोकं. हेल्मेटची सक्ती दोघांनाही नाही.

देशभरात अशा स्कूटरचे अपघात वेगळे मोजायला सुरुवात झाली ती २०२० पासून. त्या वर्षी माणसं जखमी होण्याचे २,१५५ अपघात नोंदले गेले आणि पाच जण दगावले. २०२३ मध्ये आकडा ९,४२५ वर गेला, मृत्यू २२. २०२४ मध्ये ११,९४४ आणि २७. यात एकट्याने घसरून पडलेलेही आहेत, मोटारीची धडक बसलेलेही. मृतांमध्ये बहुतेक स्कूटरवरचेच. दारूचा वाटाही मोठा. २०१९ च्या ऑक्टोबरफेस्टमध्ये बिअर पिऊन स्कूटरवर निघालेले शेकडो जण म्युनिकच्या पोलिसांनी पकडले, कारण मद्याची मर्यादा मोटारचालकाला तीच यांनाही आहे.

जखमी सायकलस्वारावर आणखी एक अन्याय झाला, त्याची चर्चा फार उशिरा सुरू झाली. स्कूटरला विम्याची पट्टी सक्तीची आहे, त्यामुळे भरपाई आपोआप मिळेल असं वाटतं. पण मोटारमालकावर चूक सिद्ध न होताही येणारी जबाबदारी ताशी २० पेक्षा जास्त न धावणाऱ्या वाहनांना लागू नव्हती. म्हणजे हाड मोडलेल्या माणसानेच समोरच्याची चूक सिद्ध करायची. तोवर भाड्याची स्कूटर टाकून चालवणारा पसार झालेला असला, तर पुरावा आणायचा कुठून?

शहरांनीही आपापल्या परीने लगाम घातला. गेल्झेनकिर्शेनने वापरणाऱ्यांची ओळख पटवण्याची अट घातली, तेव्हा बोल्ट आणि टिअर या कंपन्यांनी एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या स्कूटर काढून घेतल्या. इंडिकेटरचा प्रश्नही अखेर मार्गी लागला: २०२७ पासून नव्या स्कूटरना ते सक्तीचे होणार आहेत. आधीच रस्त्यावर असलेल्यांना मात्र ती सक्ती नाही.