रक्ताचा रिपोर्ट वाचताना (७) : गाभ्याची साक्ष

हिपॅटायटिस सीबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. पण मध्येच साताऱ्याहून एका वाचकांचं पत्र आलं आणि आधी त्याला उत्तर द्यायला हवं. मुलगी नर्सिंगला आहे, हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीनही डोस झालेले. कॉलेजने सांगितलेली तपासणी केली, तर रिपोर्टवर ‘अँटी-एचबीएस : रिॲक्टिव्ह, २४०’. घरात रडारड. आजी काविळीचं झाडपाल्याचं औषध आणायला निघाल्या. ‘पोरीला पांढरी कावीळ झाली का?’ असं वडील विचारतात.

नाही झाली. मागच्या लेखातला एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूच्या आवरणाचं प्रथिन. अँटी-एचबीएस म्हणजे त्याला अडवणारी प्रतिपिंडं. १० किंवा त्याहून जास्त आकडा आला की संरक्षण आहे असं धरतात. तिचा २४० आहे. लस उत्तम लागू पडली.

याच प्रतिपिंडांनी मुळात हा विषाणू सापडवून दिला. १९६०च्या दशकात अमेरिकेत बरूक ब्लमबर्ग वेगवेगळ्या लोकांची रक्तं एकमेकांशी जुळवून पाहत होते. वारंवार रक्त द्यावं लागलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या सीरमची ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या सीरमशी प्रक्रिया झाली. त्या आदिवासीच्या रक्तातलं प्रथिन तेच ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’, आजचं एचबीएसएजी. ब्लमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं.

पण ही प्रतिपिंडं लसीची की होऊन गेलेल्या आजाराची, हे कसं ओळखायचं? इथे माझी सगळ्यात आवडती तपासणी येते : टोटल अँटी-एचबीसी. विषाणूच्या आत गाभा असतो; त्याविरुद्धची प्रतिपिंडं ही तपासणी शोधते. लसीत फक्त आवरणाचं प्रथिन असतं, गाभा नसतोच. त्यामुळे कितीही डोस घेतले तरी गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार होत नाहीत. ती खरोखर असतील, तर विषाणू कधी ना कधी शरीरात येऊन गेलेला आहे.

एचबीएसएजी निगेटिव्ह आणि बाकी दोन्ही पॉझिटिव्ह असतील, तर माणूस त्यातून बरा झालेला असतो. तरीही विषाणूचा डीएनए यकृताच्या पेशींत दडून राहू शकतो, आणि केमोथेरपी किंवा रिटुक्सिमॅबसारख्या औषधांनी प्रतिकारशक्ती खाली गेली की पुन्हा उसळू शकतो. हे उपचार सुरू होण्याआधी अँटी-एचबीसी पाहिलंच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

आणखी एक : डोस घेतल्यावर लगेच एचबीएसएजी तपासू नये. लसीतलंच प्रथिन काही दिवस रक्तात दिसतं आणि नसता घोर लागतो. अँटी-एचबीएस शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी तपासावं.

साताऱ्याच्या वाचकांनी तो रिपोर्ट जपून ठेवावा. वॉर्डात मुलीला कधी सुई टोचली, तर डॉक्टर आधी तोच मागतील. हिपॅटायटिस सी पुढच्या आठवड्यात.