जुन्या पामला नवे कार्ड

२००१ साली आलेल्या पाम एम५०० या हस्तसंगणकात ८ मेगाबाइट मेमरी होती आणि माथ्यावर एसडी कार्डासाठी खाच. त्यापूर्वीच्या पामपायलटची मेमरी वाढवायची तर मागचे झाकण उघडून आतली पट्टीच बदलावी लागे. त्या मानाने कार्ड सरकवणे म्हणजे काहीच कष्ट नव्हेत. मात्र कार्ड घातले की मेमरी वाढली, हा समज फसवा आहे.

कार्ड हे फडताळ. स्वयंपाक होतो तो ओट्यावरच. कार्डावरचा प्रोग्रॅम सुरू करताना पाम तो आधी मूळ मेमरीत उतरवून घेतो आणि काम संपल्यावर तेथून पुसतो. तेवढी जागा त्या ८ मेगाबाइटांत मोकळी असावीच लागते.

खरा लाभ निराळा आहे. मूळ मेमरी विजेवर जगते. बॅटरी पूर्ण उतरली की वर्षानुवर्षे जमवलेले पत्ते, दूरध्वनी क्रमांक, टिपणे सारे नाहीसे होते. कार्डावरील मजकुराला विजेची गरज नसते. अर्थात पत्तेवहीची प्रत तेथे आपोआप जात नाही; त्यासाठी बॅकअपचा स्वतंत्र प्रोग्रॅम लागतो.

कार्ड निवडताना मोठ्या आकड्यांचा मोह टाळावा. आज दुकानांत दिसणारी बहुतेक कार्डे एसडीएचसी किंवा एसडीएक्ससी जातीची असतात आणि हे यंत्र ती ओळखतच नाही. जुन्या धाटणीचे, १ गिगाबाइट किंवा त्याहून लहान साधे एसडी कार्ड शोधावे. ते हाती येईपर्यंत पाम क्रेडलमध्ये, चार्जिंगवरच राहू द्यावा.