लाइट गेल्यावर पाणी कुठे जाईल?

आम्ही दोघा भावांनी सेलूतल्या आमच्या घरी चार फुटी माशांची टाकी आणली, तेव्हा काचेला चिकटवलेला छोटा फिल्टर आठवड्याला तुंबायचा. एका जाणत्या मित्राने सुचवले, खाली सम्प बसवा. अम्मींच्या कानावर शब्द पडला आणि त्यांनी विचारले, "पुन्हा कुणाचा संप? एसटीचा का?"

सम्प म्हणजे टाकीच्या स्टँडमधल्या कपाटात ठेवलेली दुसरी, लहान टाकी. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेची उभी पेटी असते. पाणी तिच्या काठावरून ओसंडते आणि पाइपातून खाली सम्पमध्ये येते. तिथे ते आधी स्पंजातून, मग सिरॅमिकच्या रिंगांतून जाते. शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर ढकलतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना मारतो. रिंगांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. त्यांना बसायला जागा लागते आणि पाण्यात भरपूर प्राणवायू लागतो. सम्पमध्ये दोन्ही मिळते, आणि पंप, हीटर, नळ्या हा सगळा पसारा दाराआड जातो.

आम्ही तो हौसेने बसवला. दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या रात्री लाइट गेली.

फजरला अब्बा उठले आणि अंधारात त्यांचा पाय पाण्यात पडला. कपाटातून चाळीसएक लिटर पाणी बाहेर आले होते. गोधड्यांची पेटी भिजली होती. पण आमच्या अंगावर काटा आला तो वेगळ्या कारणाने. पंपाचा एक्स्टेंशन बोर्ड कपाटाच्या तळाशी, त्याच पाण्यात पडलेला होता. पाच मिनिटांनी लाइट आली असती तर? पोरे तर तशीच अनवाणी उठून माठाकडे जातात. अम्मी एवढेच म्हणाल्या, "मासे राहतील नाहीतर हे कपाट राहील, दोन्ही नाही." नळाला रोज पाणी न येणाऱ्या गल्लीत दोन-अडीच बादल्या पाणी फरशीवर सांडले, त्याचा राग वेगळा.

चूक आमचीच होती. सम्प चालू असताना भरतो की नाही एवढेच आम्ही पाहिले होते. बंद पडल्यावर काय होते, हे पाहिलेच नव्हते.

हिशोब सोपा आहे. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकीत एक इंच पाणी म्हणजे 14 लिटर. पंपाच्या पाइपाचे तोंड आम्ही पाण्याच्या पृष्ठभागाखाली चार इंच बुडवून ठेवले होते. पंप थांबला की तोच पाइप उलटा चालतो. बॅरलमधून रॉकेल काढायला नळी तोंडाने ओढायची, तसेच. पाइपाचे तोंड उघडे पडेपर्यंत, म्हणजे चार इंच, म्हणजे 56 लिटर पाणी खाली आले. शिवाय कोपऱ्यातल्या पेटीतले आणि पाइपांतले आठ-दहा लिटर. आमचा सम्प 30 इंच लांब, 12 रुंद, 14 उंच. त्यात एक इंच म्हणजे जेमतेम 6 लिटर. आम्ही तो दहा इंच भरून ठेवला होता. वर जागा उरली 24 लिटरची. बाकीचे गोधड्यांत.

औरंगाबादची पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात हर्सूलकडच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आलेले पाणी उंच खांबावर चढते आणि हौजात कोसळते. हौजात मासे फिरतात, आणि हौजाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचे छत. वर पाणी, खाली खोली! तिथे झिरपणाऱ्या पाण्याने दालन थंड राहते. आमच्या कपाटात तेवढ्या कौतुकाला वाव नाही.

मग दुरुस्ती केली. पंपाच्या पाइपाला पृष्ठभागाच्या अर्धा इंच खाली 6 मिलिमीटरचे भोक पाडले. पाणी तेवढे उतरले की भोकातून हवा आत शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. दुकानदार नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा म्हणतात. बसवायचा तर बसवा, पण त्यात शेवाळाचा एक धागा अडकला तरी तो पुरता मिटत नाही. आमचा भरवसा भोकावर, आणि ते दर आठवड्याला काडीने साफ करायचे. सम्पही आता आठ इंचच भरतो. त्यामुळे वर 35 लिटरची जागा राहते आणि लाइट गेल्यावर खाली येते 15-17 लिटर. पाणी खाली नेणारे पाइप मात्र दोन हवेत. एकात गोगलगाय अडकली तर दुसरा वाचवतो. आपल्याकडे तयार मिळणाऱ्या साध्या काचेच्या टाकीला डायमंड बिटने, पाणी सोडत, सावकाश भोक पडते. टफन काचेला ड्रिल लावू नका, तिचा चुरा होतो.

कपाटाचेही थोडे. पाणी, काच, वाळू धरून वजन तीनशे किलोच्या घरात जाते. ते प्लायवर सोडू नका. लोखंडी अँगलचा सांगाडा करून घ्या आणि प्लाय फक्त बाहेरून झाकायला लावा. तोही वॉटरप्रूफ. एमडीएफ एकदा भिजला की पावासारखा फुगतो. मिस्त्रींना माप देताना कपाटाच्या आतले माप देऊन भागत नाही, दाराचे मोजा. आमचा पहिला सम्प कपाटात मावत होता, पण दारातून आत जाईना. मधला उभा अँगल आडवा आला! सम्पच्या वर आठ-दहा इंच मोकळे ठेवा, नाहीतर स्पंज काढायला हात जाणार नाही. मागची बाजू उघडीच बरी. बंद कपाटात दमट हवा कोंडते आणि बिजागऱ्या गंजतात.

बोर्ड आता कपाटाच्या बाहेर, भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीवर आहे. प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर नेली आहे, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडतो, बोर्डात जात नाही. घराच्या मीटरपाशी आरसीसीबी बसवून घेतला. करंट गळू लागला की तो क्षणात लाइन तोडतो. या सगळ्या खटाटोपात पैसे कुठे वाचवायचे असतील तर रिंगांवर वाचवा. भांडी घासायच्या प्लास्टिकच्या नव्या घासण्याही जिवाणूंना चालतात. या स्विचवर मात्र वाचवू नका.

मासे सोडण्याआधी आम्ही दिवसाढवळ्या मेन स्विच पाच वेळा बंद-चालू केला. पाणी कुठे थांबते ते पाहिले आणि चालू असतानाच्या पातळीवर सम्पच्या काचेला ऑइल पेंटने लाल रेघ मारली. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की पाणी उडते, आणि घट दिसते ती पंपाच्या कप्प्यात. तिथे रोज तांब्या-दोन तांबे घालावे लागतात. क्षार उडून जात नाहीत, म्हणून बोअरचे जड पाणी घालत गेलो तर टाकीतला क्षार वाढतच जातो. आम्ही भरपाईला आरओचे पाणी वापरतो. रेघेच्या वर एक थेंब नाही, अशी अम्मींची ताकीद आहे, आणि तांब्या त्यांनी स्वतःच्याच हातात ठेवला आहे.