कर्नल कोसळताना लॉकचं काय करायचं?

मागच्या व्याख्यानात आपण स्पिनलॉक पाहिलं. एका कोअरने लॉक घेतलं, की दुसऱ्याने ते सुटेपर्यंत तिथेच घिरट्या घालत थांबायचं. घेणारा ते कधीतरी सोडणार, या भरवशावर हा सगळा खेळ चालतो. आजचा प्रश्न असा: घेणाराच थांबला तर?

लिनक्सचंच उदाहरण घेऊ. पुढे चालणं धोक्याचं आहे असं कर्नलला दिसलं, की ‘पॅनिक’ फंक्शन चालतं आणि बाकीचे कोअर थांबवतं. आता समजा, त्यातल्या एकाकडे नेमकं सिरीयल पोर्टचं लॉक होतं. ते आता सुटणार नाही, आणि शेवटचा संदेश तर आपल्याला त्याच पोर्टवर पाठवायचाय! किंवा लॉक धरलेला कोअरच कोसळला, म्हणजे तो स्वतःचीच वाट बघत बसणार. मशीन गप्प. सकाळी सर्व्हर बंद सापडतो, पण का बंद पडला ते सांगणारी एक ओळही नसते.

यावर लिनक्समध्ये काय केलंय?

पहिलं, पॅनिक एकाच कोअरने हाताळायचं. दोघे एकदम आले तर एका अणु-क्रियेने, म्हणजे अॅटॉमिक सूचनेने, पहिला ठरतो. दुसरा आपणहून थांबतो.

दुसरं, वाट बघायची नाही. ‘संकट चालू आहे’ अशी एक खूण कर्नल लावतं. ती दिसली की सिरीयल ड्रायव्हर लॉक मागून बघतो. नाही मिळालं तर तसाच पुढे जातो. एरवी हे पापच! पण बाकीचे कोअर थांबलेत, आणि मौनापेक्षा थोडी विस्कटलेली अक्षरं परवडली.

तिसरं, लॉकच काढून टाकायचं. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या 5.10 आवृत्तीपासून संदेशांचा बफर लॉकशिवाय चालतो. लिहिणारा मध्येच थांबला तर त्याची नोंद अपुरी राहते, पण बाकीच्या नोंदी वाचता येतात.

चौथं, केडम्प. मशीन सुरू होतानाच थोडी मेमरी बाजूला राखून त्यात दुसरं कर्नल ठेवतात. पॅनिक झाला की उडी थेट तिकडे. जुन्या कर्नलची अडकलेली लॉकं त्याच्या गावीही नसतात; ते शांतपणे जुनी मेमरी डिस्कवर उतरवून घेतं.

मेमरी आधीच का राखली? कारण आयत्या वेळी मेमरी मागणं म्हणजेही लॉक आलंच. म्हणून अशा कोडची प्रत्येक ओळ लिहिताना एकच विचारा: ही ओळ कुणाची वाट बघतेय का?