तुंबलेली गटारे : उपाय घरापासूनच

घराभोवतीचे गटार तुंबते ते बहुधा आपल्याच हातून. राख, खरकटे, पालापाचोळा व प्लॅस्टिकच्या पिशव्या तळाशी साचतात आणि सांडपाणी थबकते. अशा अस्वच्छ पाण्यात हत्तीरोगाचा प्रसार करणारे क्युलेक्स डास वाढतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा गटार वाहते करणे अगत्याचे आहे. मोरीच्या तोंडाशी जाळी बसवावी व गटारास पुरेसा उतार ठेवावा. उपसलेला गाळ काठावर ठेवू नये. पहिल्याच सरीबरोबर तो पुन्हा आत उतरतो. गटार नसेल तेथे विहिरीपासून दूर शोषखड्डा घ्यावा. ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी सर्व गटारांची पाहणी करावी. मात्र आपल्या दारापुढील गटाराची काळजी प्रत्येक कुटुंबाने वाहिली, तरच तिचे श्रम सार्थकी लागतील.