चमकेसाठी ओरखडे!

मुलांनो, चिंचेनं घासलेली पितळी समई कशी पिवळीधमक होते, पाहिलंय ना? चिंचेतलं आम्ल पितळेवरचा काळपट थर विरघळवतं. पण आरशासारखी चमक काही चिंचेनं येत नाही. का बरं?

आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली ज्या भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, तो भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. ओतलेलं पितळ खरबरीत असतं. त्यावर पडलेला प्रकाश वाटेल तिकडे विखुरतो, म्हणून ते मंद दिसतं. मग ते गुळगुळीत कसं करायचं? गंमत म्हणजे, ओरखडे पाडूनच! आधी जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक वेळी आडवं-उभं दिशा बदलून घासायचं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते लगेच कळतं. घाई केली, की एखादा जाडा ओरखडा शेवटी चमकेतून डोकावतोच.

शेवटी येतं विजेवर गरगर फिरणारं कापडी चाक, म्हणजे बफ. हे मात्र मोठ्यांचंच काम हं! त्याला ओढणी, सैल बाही, कापडी हातमोजा, काहीही चालत नाही. चाक ते ओढून घेतं, सोबत हातही. उडणारी धूळ डोळ्यांत आणि छातीत जाते, म्हणून चष्मा आणि नाकावर मास्क हवाच.

तुम्ही पितळेची जुनी कडी घ्या. २२०, ४००, ८०० नंबरचा वॉटर पेपर क्रमानं पाण्यात भिजवून घासा, शेवटी सुती फडक्यावर ब्रासो. नक्षीच्या भांड्यावर नको, नक्षी झिजते.